बादरायण संबंधाची फेरी

आयुष्यभर मी टोमण्यांवर पोट भरलं. वर्तमानपत्रात माझं सदर होतं. दर आठवड्याला कुणाची तरी नेमाने खोडी काढायची आणि वर त्याच्याच तोंडून "काय छान लिहिता हो" हे ऐकून घ्यायचं, असा तो व्यवसाय. टोमणा नेहमी शेजाऱ्याला बसलेला दिसतो, या एका मनुष्यस्वभावावर माझं घर चाललं. अशा माणसाला साधी, सोज्वळ, कुणाच्या केसालाही धक्का न लावणारी प्रश्नमंजुषा तयार करायला सांगितली, तर तो त्याच्या डाव्या हातचा मळ! मी तसं बोलूनही दाखवलं. कुणाला ओरखडासुद्धा उठणार नाही, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. बायको म्हणाली, ते कार्यक्रम झाल्यावर बघू.

प्रश्नमंजुषेचं कारण असं, की आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक वाचनालय आहे आणि ते माझी बायको चालवते. पगार नाही, सुट्टी नाही. फाटलेली पानं चिकटवायची, दुमडलेले कोपरे सरळ करायचे आणि पुस्तक उशिरा आणणाऱ्याला नुसत्या नजरेने घाम फोडायचा, हे ती वर्षानुवर्षं करत आली आहे. अलीकडे इमारतीच्या अध्यक्षांना साक्षात्कार झाला, की रहिवाशांच्या मेंदूपेक्षा त्यांच्या पोटऱ्यांची अवस्था अधिक चिंताजनक आहे. वाचनालय काढून तिथे व्यायामशाळा करायची! अध्यक्षांच्या जावयाचं व्यायामाच्या यंत्रांचं दुकान आहे, हा अर्थातच निव्वळ योगायोग.

अध्यक्षांचं म्हणणं एवढंच, की वाचनालयात येतं कोण? प्रश्न अडचणीचा होता. रोज चार माणसं येत. त्यातली दोन पंख्याखाली बसायला, एक घरात भांडण झालं म्हणून, आणि चौथी माझी बायको. शेवटी खूप रदबदली झाल्यावर अध्यक्ष एका गोष्टीला राजी झाले. रविवारी वाचनालयात एक कार्यक्रम करा. खोली भरली आणि मला समाधान वाटलं, तर व्यायामशाळेचा ठराव मी सभेपुढे आणणार नाही.

खोली भरणं एक वेळ सोपं. अध्यक्षांना समाधान वाटणं अवघड, कारण त्यांना ते आजवर फक्त स्वतःच्या भाषणानंतर वाटलेलं होतं.

बायकोने मला समोर बसवलं. लग्नापासून आजतागायत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मागून मिळत नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं असावं. त्या दिवशी मात्र तिने मागितलं.

"अहो, एक दिवस. फक्त एक दिवस कुणाला टोचून बोलू नका. माझं एवढंच आहे हो."

एवढंच आहे, हे ती वाचनालयाबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. मी कबूल झालो.

पहिली फेरी ठेवली वाक्प्रचारांच्या उगमाची. आपण दिवसभर तोंडात घोळवतो ते शब्द मुळात आले कुठून? माझा आवडता विषय. मी प्रश्न काढले आणि बायकोच्या हाती दिले. तिने ते पालेभाजी निवडावी तसे निवडायला घेतले. 'उंटावरचा शहाणा' पहिल्या झटक्यात बाद. अध्यक्षांना वाटेल आपल्यालाच म्हटलं. मी म्हणालो, त्यांना असं का वाटावं? ती म्हणाली, सगळ्यांना वाटतं म्हणून. 'नाकाने कांदे सोलणे' बाद, कारण अध्यक्षांचं नाक. 'गाशा गुंडाळणे' तर मी अगदी निरागसपणे घातला होता. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. मुक्काम हलला की स्वार ते गुंडाळून निघायचा. किती निरुपद्रवी माहिती! बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. वाचनालयाचा गाशा गुंडाळायला निघालेल्या माणसासमोर हा प्रश्न विचारणार? माझ्या तर लक्षातच आलं नव्हतं. टोमण्यांची इतकी सवय झालेली, की हात आपोआप तिकडेच वळतो.

छाटणीतून एक मोठा वाक्प्रचार वाचला. 'बादरायण संबंध'. त्यात बोरीचं झाड आहे ना, मग असू दे, झाडाचा कुणाला राग येत नाही, असा निकाल झाला.

दुसरी फेरी छुप्या दुव्यांची. चार वस्तूंची नावं सांगायची, त्यांच्यातला संबंध स्पर्धकांनी ओळखायचा. या फेरीत माणसं नकोत, फक्त वस्तू, असा हुकूम झाला. वस्तू तर वस्तू! पण ऐन वेळी सुचेनात. अशात अध्यक्षांनी मला घरी बोलावलं. कार्यक्रमाचा एकंदर सूर कसा आहे, हे त्यांना तपासायचं होतं. मी बसलो न बसलो तोच त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत आतल्या खोलीत गेले, ते तिकडेच रमले. मी एकटाच दिवाणखान्यात. बसल्या बसल्या नजर फिरवली आणि एकाएकी डोक्यात उजेड पडला.

कोपऱ्यात घडीची शिडी उभी होती. तिच्या शेजारी कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड. दाराआड इस्त्री करायचं घडीचं टेबल. आणि खुंटीला एक छत्री. चारही वस्तू काम नसलं की आकाराने लहान होतात! माणसांचं नेमकं उलट असतं. ज्याला काम कमी, तो अधिक जागा व्यापतो. पण हे मी मनातच ठेवलं. काय प्रश्न होता! सोपा, घरगुती, सात्त्विक. घरी येऊन बायकोला सांगितला, तर तिनेही मान डोलावली. शिडी आणि छत्रीने कोण दुखावणार?

रविवारी खोली खच्चून भरली. अध्यक्ष पहिल्या रांगेत हात असलेल्या खुर्चीत. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपले दोन पेशंटही बरोबर आणले होते. तिसऱ्या मजल्यावरचे रंगकामाचे ठेकेदार आणि त्यांच्या समोरच राहणारा फोटोग्राफर, या दोघांचा एक संघ. बायको पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी होती. पहिली फेरी लोण्यातून सुरी फिरावी तशी पार पडली. अध्यक्षांनी दोनदा मान हलवली, एकदा तर चक्क हसले. बायकोच्या कपाळावरची आठी सैल झाली, ती मला लांबूनही दिसली.

मग 'बादरायण संबंध' आला. कुणालाच मूळ सांगता येईना, म्हणून मी रंगवून सांगितलं. एक वाटसरू एका घरी येतो. यजमानाला वाटतं, हा बायकोच्या माहेरचा कुणी असेल. बायकोला वाटतं, नवऱ्याचा कुणी असेल. दोघंही त्याची बडदास्त ठेवतात. पाहुणा पोटभर जेवतो, आराम करतो, आणि निघताना त्याला विचारतात, की बाबा रे, तू नक्की आमचा कोण? तो सांगतो, माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं आहे आणि तुमच्या अंगणात बोरीचं झाड आहे, हाच आपला संबंध! थोडक्यात, नातं कुठलं तरी जोडायचं आणि दुसऱ्याच्या जिवावर मजा करायची.

खोलीत हशा उसळला. एवढा हशा मला उमेदीच्या काळातही मिळाला नव्हता. एक गोष्ट मात्र थोडी खटकली, सगळे हसत होते माझ्याकडे न बघता पहिल्या रांगेकडे बघून. मी मनात म्हटलं, अध्यक्षांचा मान राखताहेत. निवृत्त झालो तरी हात शाबूत आहे, अशा धुंदीत मी दुसरी फेरी सुरू केली.

"शिडी, कॅमेऱ्याचा स्टँड, इस्त्रीचं टेबल आणि छत्री. छुपा दुवा ओळखा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, प्रश्न अवघड गेला. मी मोठ्या मनाने मदत केली. म्हणालो, या चारही वस्तू मला एकाच ठिकाणी बसल्या बसल्या सुचल्या. डॉक्टरीणबाईंनी पेशंटसमोर करतात तसा गंभीर चेहरा केला. मी आणखी सोपं करायला गेलो. म्हणालो, विचार करा, यांचं काम झालं की यांचं काय होतं?

"परत येत नाहीत," रंगकामाचे ठेकेदार म्हणाले.

चूक, मी म्हणालो. नीट विचार करा, ही रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे. पाहण्यातली कुठली, ठेकेदार म्हणाले, दोन वर्षं झाली, पाहिली नाही. शिडी माझी आहे. फोटोग्राफर उठून उभा राहिला आणि म्हणाला, स्टँड माझा. अध्यक्षांनी नातवाचे फोटो काढायला नेला होता, नातू आता शाळेत जायला लागला. डॉक्टरीणबाई बसूनच म्हणाल्या, की इस्त्रीचं टेबल त्यांचं आहे, आणि ते 'दोन तासांसाठी' गेलं होतं.

आता कुठे माझ्या डोक्यात दुवा जुळू लागला. मी घाईघाईने सांगितलं, की माझं उत्तर वेगळं आहे, काम नसलं की लहान होणाऱ्या वस्तू, आकाराने हो, आकाराने! कुणी ऐकेना. त्यांना माझ्या उत्तरापेक्षा चांगलं उत्तर सापडलं होतं. मग कुणीतरी विचारलं, छत्री कुणाची? मी हायसं वाटून घेतलं; निदान एका वस्तूला तरी मालक नाही.

"छत्री आमची," मागून बायको म्हणाली.

तिने ते घाईत म्हटलं असणार, सवयीने. हरवलेल्या गोष्टीचा हिशेब तिला नेहमीच पाठ असतो. मी अर्धा तास माझ्याच छत्रीसमोर बसून तिच्यावर प्रश्न तयार केला होता आणि मला ती ओळखू आली नव्हती. खोलीतल्या सगळ्यांची आता एकच समजूत झाली. म्हाताऱ्याने मुद्दाम डाव रचला! मागच्या रांगेतून कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "सदर बंद झालं, पण खोड गेली नाही."

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती कपाटांकडे बघत होती, घर सोडताना माणूस भिंतींकडे बघतो तसं. त्या क्षणी माझ्यातला विनोद कुठल्या कुठे पळाला.

अध्यक्ष उठले. खुर्ची मागे सरकली तो आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यांनी सदऱ्याची घडी नीट केली, घसा साफ केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले:

"अभिनंदन. आज ही गोष्ट उघड झालीच आहे, तर सांगून टाकतो. तो माझा प्रयोग होता."

कुणाला काही कळेना. अध्यक्षांनी शांतपणे समजावलं. एका इमारतीला किती शिड्या लागतात? प्रत्येकाच्या घरी एक, की सगळ्यांत मिळून एक? हे सिद्ध करायला त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या दिवाणखान्याची जागा दिली, अडचण सोसली, येता-जाता शिडीच्या ठेचा खाल्ल्या. आज सिद्ध झालं. दोन वर्षं शिडी नसूनही ठेकेदारांचं काही अडलं नाही. मग शिडी परत मागायला आलो तेव्हा 'कुठली शिडी?' असं का म्हणालात, असं ठेकेदारांनी विचारलं. त्यावर अध्यक्ष कनवाळूपणे हसले. ज्याच्यावर प्रयोग चालू असतो त्याला तो कळू द्यायचा नसतो, असं शास्त्र आहे म्हणाले.

मी आयुष्यभर निर्लज्जपणाचा अभ्यास केला. पण इतका अव्वल नमुना पाहिला नव्हता. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. माझ्याआधी डॉक्टरीणबाईंच्या पेशंटनी वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच. वस्तू परत मिळताहेत ना, मग प्रयोग तर प्रयोग!

टाळ्यांनी अध्यक्ष फुलले. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की आता हा संग्रह इमारतीला अर्पण. ज्याला हवं त्याने न्यावं, काम झालं की आणावं. प्रश्न एवढाच, की ठेवायचा कुठे? ते खोलीभर बघू लागले आणि मला व्यायामशाळा दिसू लागली. पण बायको माझ्यासारखी सदर लिहीत बसलेली नाही, तिने माणसं हाताळली आहेत. ती पुढे आली.

"जागा आहे. पण वस्तू एकटी जाणार नाही. बरोबर एक पुस्तक न्यायचं, आणि दोन्ही परत आल्याशिवाय दुसरी वस्तू मिळायची नाही. संस्थापक म्हणून दारावर पाटी तुमच्या नावाची."

पाटी म्हटल्यावर अध्यक्षांना समाधान वाटलं. व्यायामशाळेचा ठराव आलाच नाही.

आता वाचनालयात पाय ठेवायला जागा नसते. शिडीला रांग आहे, इस्त्रीच्या टेबलाला रांग आहे. अध्यक्षांच्या जावयाने नमुन्याची म्हणून दिलेली व्यायामाची सायकलही तिथेच आहे. तिच्यावर ओले टॉवेल छान वाळतात. पुस्तकं धडाधड जातात. रहिवाशांनी नंतर आणून ठेवलेलं ड्रिल मशीन कुणाला हवं असलं, की बायको बरोबर एखादी जाडजूड कादंबरी हातात ठेवते. माझ्या सदरांचा संग्रहसुद्धा जातो. तो आजवर कपाटात पाठ टेकून बसला होता. परवा तर ठेकेदारांनी तो नेला आणि परत करताना मला मुद्दाम भेटायला आले.

"तुमचं पुस्तक फार उपयोगी पडलं बरं का," ते म्हणाले.

लेखकाला आणखी काय हवं? मी नम्रपणे मान खाली घातली आणि विचारलं, विशेष काय आवडलं?

"जाडी," ठेकेदार म्हणाले. "जमिनीला उतार होता, शिडीच्या एका पायाखाली बेतशीर बसलं. दुसऱ्या पायाखालीही लागणार आहे. आणखी एखादं लिहिलंय का तुम्ही?"