शेणव्यात स्क्रीन उलटी झाली

रविवारी सकाळी शेणवे गावात धोंडाबाईंनी ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसला आणि कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचं सगळं उलटं झालं. खालची पट्टी वर गेली, वरची चित्रं खाली आली.

"मी फकस्त धूळ काढली गो," त्या सुनेला म्हणाल्या.

पल्लवीने मान वाकडी करून बघितलं आणि नवऱ्याला हाक मारली. रत्नदीप वाशिंदच्या एका कारखान्यात स्टोअरला होता. कॉम्प्युटरवर त्याचे दोन इलाज ठरलेले होते. बंद करून चालू करायचा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर डब्याला चापट मारायची. आज दोन्ही करून झाले. स्क्रीन उलटी ती उलटीच.

आणि आजच दुपारी वैशाखरे गावची मंडळी व्हिडिओ कॉलवर रत्नदीपच्या बहिणीला, रश्मीला बघणार होती. ही अट रश्मीचीच. ती शहापूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. याआधी बघायला आलेली मंडळी तिच्या हातचे पोहे खाऊन, 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच. "आधी व्हिडिओवर बघा. पोहे नंतर," तिने बजावलं होतं.

"दादा, माझ्या मोबाइलवरून करूया ना," ती आता म्हणाली.

"मोबाइलमधे आपण चौघं मावणार हाव का? आणि आपल्याकडं कॉम्प्युटर हाय ते त्यांना मी सांगून बसलोय."

त्याने माउस धरला. माउस उजवीकडे नेला की बाण डावीकडे पळायचा. सेटिंग उघडायला गेला तर कॅल्क्युलेटर उघडला, तो बंद करताना अक्षरं भोपळ्याएवढी झाली. शेवटी त्याने मागे सरून कमरेवर हात ठेवले.

"चित्र उलटं हाय ना? मग आपण मॉनिटरच उलटा करू!"

पल्लवीने तांदळाचे दोन डबे आणले. मॉनिटर डोक्यावर उभा करून त्यांच्यामध्ये बसवला, आणि रश्मीने स्टुलावर चढून तो सुतळीने खिडकीच्या गजाला बांधला. सगळं सुलट दिसू लागलं. रत्नदीप खुशीत हसला. मॉनिटरवरचा कॅमेराही त्याच्याबरोबर उलटा झाला होता, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्याची क्लिप तुटल्यावर रत्नदीपनेच तो एमसील लावून पक्का बसवला होता.

कॉल लागला. समोर मुलगा बुद्धभूषण आणि त्याची आई ताराबाई.

"जय भीम!" इकडून चौघांनी हात जोडले.

"जय भी..." ताराबाई थांबल्या. "बाळा, ही लोकं उलटी का लटकली?"

"आपल्याच लॅपटॉपला काहीतरी झालं असंल, आई," असं म्हणून बुद्धभूषणने लॅपटॉप उचलून उलटा धरला. त्याला शेणव्याची मंडळी सुलट दिसली. पण त्याच्या लॅपटॉपचा कॅमेराही उलटा झाल्यामुळे इकडे तो आणि त्याची आई छताला चिकटल्यासारखे दिसू लागले.

"आपला मॉनिटर बिघडला परत! सुलटा करा!" रत्नदीप ओरडला. सुतळी सुटली, मॉनिटर सरळ झाला. समोरची दोघं सरळ दिसली, पण तिकडे ताराबाई म्हणाल्या, "अरे, परत उलटे झाले!" बुद्धभूषणने लॅपटॉप पुन्हा फिरवला. तो सरळ होताच इकडे मायलेक परत छताला गेले.

"तुमी फिरवू नका, आमी फिरवतो!" रत्नदीप म्हणाला.

"नाय नाय, तुमी ऱ्हावा, आमी फिरवतो!" तिकडून आवाज आला.

दोन्ही घरं एकदम फिरवू लागली. या फिरवाफिरवीत दाखवायचं ठरवलेलं बाजूला राहिलं आणि भलतंच दिसू लागलं. वैशाखऱ्याला इकडची सुकत घातलेली गोधडी आणि स्टुलावर चढून दातांनी गाठ सोडणारी नवरी दिसली. शेणव्याला तिकडचा पंखा दिसला, मग भिंत, मग थेट स्वयंपाकघर. तिथे चुलीपुढे एक मिशीवाला गृहस्थ बसला होता आणि परातीत भाकरी थापत होता.

"थांब रे!" धोंडाबाई ओरडल्या. "फिरवू नको! कोण तो?"

"आमचे बाबा," बुद्धभूषण म्हणाला. लॅपटॉप त्याने तसाच धरून ठेवला. "आईचा हात दुखायला लागला, तवापासून भाकऱ्या ते करतात."

बाबांनी, म्हणजे महादूकाकांनी, पिठाचा हात वर करून जय भीम केला.

तेवढ्यात रश्मी मोबाइल बघत कीबोर्डपाशी आली. "दादा, जरा सरक. कंट्रोल, आल्ट आणि वरचा बाण दाबायचा, असं लिवलंय." तिने मॉनिटर सरळ उभा करायला लावला आणि तीन बटणं एकदम दाबली. स्क्रीन गर्रकन सुलट झाली. तिकडे लॅपटॉप खाली ठेवला गेला. दोन्हीकडे सगळे आपापल्या पायांवर आले.

"एवढंच व्हतं?" रत्नदीप पुटपुटला.

रश्मीने ओढणी सारखी केली. "मला एक विचारायचं हाय. भाकऱ्या रोज तुमचे बाबाच करतात?"

बुद्धभूषण थोडा लाजला. "रविवारी करतात. बाकी दिवस कामावरून आल्यावर मी. गोल येत नाय अजून. पण करपत नाय."

रश्मी खाली बघून हसली. ताराबाईंना ते हसू दिसलं. "पोरगी आपल्याला पसंत हाय," त्या म्हणाल्या. "गाठी सोडायला कंटाळत नाय ती."

धोंडाबाईंनी लेकीकडे बघितलं. रश्मीने मान हलवली. पुढच्या आठवड्यात मंडळींनी शेणव्याला यायचं ठरलं. महादूकाका म्हणाले, "पोह्यांची घाई नको, पोरी. भाकऱ्या मी घेऊन येतो."

कॉल संपला. रत्नदीपने सुतळी गुंडाळली, डबे जागेवर ठेवले आणि सवयीने हाक दिली, "पल्लवी, जेवायला वाढ गो, भूक लागली."

स्वयंपाकघरातून पल्लवी बाहेर आली. तिच्या हातात ताट नव्हतं. पिठाची परात होती. ती तिने त्याच्यापुढे ठेवली आणि शेजारी पाण्याचा तांब्या.

रत्नदीपने परातीकडे बघितलं, मग आईकडे.

"मला काय बघतोस?" धोंडाबाई म्हणाल्या. "हात धू."