मुनीरभाईंची एक्सपी

मुनीरभाई माणसाला चेहऱ्यानं ओळखत नाहीत, लग्नपत्रिकेनं ओळखतात. बाजारात माझ्यासोबत चालता चालता मध्येच माझा दंड धरतात आणि म्हणतात, "तो पाहा, गुलाबी गणपती चालला." मी घाबरून पाहतो, तर बँकेतले साहेब वांगी घेऊन चाललेले असतात.

"कोण म्हणालात?"

"अजी तो. गुलाबी गणपती, आतून जाळी, तीनशे प्रती. बायको मूर्तिजापूरची. नाव आता ध्यानात नाई."

नाव त्यांच्या ध्यानात नसतंच. मी त्यांचा पंचवीस वर्षांचा शेजारी, तरी त्यांच्या लेखी मी 'जुना मोर'. 'जुना' अशासाठी, की माझं लग्न कॉम्प्युटर येण्याच्या आधीचं. त्यांच्या अब्बांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेलं. मोराच्या पिसाऱ्यात तेव्हा शाई जास्त झाली होती. मुनीरभाईंना वाटतं माझा संसार त्यामुळेच जरा काळपट आहे.

अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची प्रेस आहे. प्रेस म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक प्रिंटर, एक पेपर कापायची मशीन आणि टेबलावर तो कॉम्प्युटर. रोज सकाळी दुकान उघडलं की मुनीरभाई लोखंडी पट्टीनं त्याच्या डब्यावर दोनदा टकटक करतात, "उठा साहेब" म्हणतात, आणि मग बटण दाबतात. टकटक न करता दाबलं तर चालू होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा करून पाहिलं. खरंच झाला नाही. लाइट गेलेली होती हे नंतर कळलं.

मी शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळे गावातल्या पत्रिकांचे मजकूर माझ्याकडे नजरेखालून घालायला यावेत, अशी माझी एक जुनी इच्छा होती. पुतणीच्या लग्नाला मी स्वतः मजकूर लिहून नेला. त्यात प्राजक्ताचा सडा होता, सप्तपदीवर दोन परिच्छेद होते. मुनीरभाईंनी चष्मा वर सरकवून सगळा वाचला आणि म्हणाले, "मास्तर, लोक इथं तारीख पाहतात, मंग जेवन कुठं हाये ते पाहतात. निबंध शाळेत लिवा." आणि त्यांनी सडा काढून टाकला. माझ्या दोन चुकाही काढल्या. त्या मी इथं सांगणार नाही.

त्यांची काम करायची एक खास रीत होती. नवी पत्रिका ते कधीच कोऱ्या पानावर करत नसत. आधीची एखादी उघडायची, तिच्यातली नावं पुसायची आणि त्या जागी नवी टाकायची. "कोऱ्या पानाले बरकत नसते," हे त्यांचं त्यावरचं शास्त्र. आता पंचवीस-तीस नावांत एखादं पुसायचं राहून जाणारच. वलगावचे विठ्ठलराव असेच राहिले. मूळ लग्न त्यांच्या भाच्याचं. 'विनीत'च्या यादीत ते चौथे. पुढच्या नऊ पत्रिकांमध्ये ते चौथेच राहिले.

विठ्ठलराव सज्जन माणूस. आपलं नाव छापलंय म्हणजे आपण यजमान, या हिशेबानं ते नऊही लग्नांना कडक टोपी घालून, सगळ्यांच्या आधी जाऊन मांडवाच्या दाराशी उभे राहिले. पाहुण्यांना हात जोडले, पंगती वाढल्या, पोरीला निरोप देताना डोळे पुसले. मुलाकडचे समजत ते मुलीकडचे, मुलीकडचे समजत ते मुलाकडचे. शेवटी चांदूर बाजारचे एक गृहस्थ पत्रिका घेऊन प्रेसमध्ये आले. "मुनीरभाई, हे चार नंबरचे कोण?"

मुनीरभाईंनी पत्रिका पाहिली, जीभ चावली आणि म्हणाले, "चांगला मानूस हाये. राहू द्या."

"माणूस चांगलाच आहे हो. त्यांचा पत्ता पाहिजे होता. पुढच्या महिन्यात धाकटीचं आहे."

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना मी पेपरात बातमी वाचली, की कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो ती एक्सपी नावाची सिस्टीम आता जुनी झाली, आणि कंपनी तिचा सपोर्ट बंद करते आहे. मुनीरभाईंच्या डब्यात एक्सपीच होती. मी पेपर घेऊन धावलो. माझ्या धावण्याला कारण होतं. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा मुख्याध्यापकांनी मला तीन महिन्यांच्या वर्गाला पाठवलं होतं, कारण बाकीच्यांनी आजारपणाची रजा टाकली. तेव्हापासून गल्लीत मी कॉम्प्युटरवाला मास्तर. मला खरं तर चालू करणं आणि बंद करणं येतं. मधलं थोडं थोडं.

"मास्तर, सपोर्ट म्हंजे काय?" मुनीरभाईंनी शांतपणे विचारलं.

"म्हणजे पुढे काही बिघडलं तर कंपनी पाहणार नाही."

"आतापर्यंत कोन पाहत होतं?"

मी पेपराची घडी घातली.

"बारा वर्सांत कंपनीचा एक मानूस आला काय इथं? माउस मी बदलला, पंखा मी साफ केला, उंदरानं वायर खाल्ली तवा मीच जोडली. अन् आता म्हनते, आमी सोडून राहिलो. जा ना बावा. धरलं कोनं होतं?"

"अहो, व्हायरस येतात. इंटरनेटवरून."

"इंटरनेट हाये कुठं इथं? चोर येईन म्हनून दाराले कुलूप लावा म्हनता, अन् घराले दारच नाई." मग त्यांचं नेहमीचं वाक्य आलं, "चालू हाये ना? मंग?"

या वाक्यापुढे आजवर कोणाचं काही चाललेलं नाही. एकदा त्यांच्या स्कूटरचा ब्रेक गेला होता, तेव्हाही त्यांनी हेच म्हटलं होतं.

पण दिवाळीनंतर, लगनसराईच्या तोंडावर, प्रिंटरनं मान टाकली. नवा आणला तर तो एक्सपीशी बोलायलाच तयार नाही. दुकानदार म्हणाला, याला नवी सिस्टीम लागते. मुनीरभाई दोन दिवस खोक्यातल्या प्रिंटरकडे पाहत बसले. "नवी सून आली अन् म्हनते, सासू बदला," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. "मास्तर, तुमची साळी अकोल्याले कॉम्प्युटरचं काई करते ना?"

माझी मेहुणी सुनंदा अकोल्याला कॉम्प्युटरचा क्लास चालवते आणि दुरुस्तीही करते. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे, एवढंच माझ्याकडे जास्तीचं. आम्ही रविवारी सकाळी निघालो. मुनीरभाईंनी डबा गोधडीत गुंडाळून एस.टी.त मांडीवर घेतला. बडनेऱ्याच्या पुढे कंडक्टरनं विचारलं, "यात काय आहे?"

"पेशंट हाये. अकोल्याले भरती करून राहिलो."

कंडक्टरनं गोधडीत हात घातला. "थंड आहे हो."

"म्हनून तं नेऊन राहिलो."

सुनंदानं दारातच मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही याला हात नाही ना लावला?"

"नाही."

"मग वाचेल."

तिनं मुनीरभाईंसाठी एक नवा कॉम्प्युटर जुळवून ठेवला होता. जुना शेजारी लावला आणि त्यातल्या सगळ्या फायली नव्यात उतरवल्या. तासाभराचं काम. मग पाहू म्हणून तिनं नव्यावर एक पत्रिका उघडली. गणपती नीट आला, कडेची वेलबुट्टी नीट आली, आणि मधल्या नावांच्या जागी नुसते कंस, टिंबं, इंग्रजी अक्षरं. मुनीरभाई ज्या सॉफ्टवेअरवर मराठी टाइप करायचे, ते नव्या सिस्टीमवर चढतच नव्हतं. तिनं दुसरी उघडली, तिसरी उघडली. बारा वर्षांतल्या नवरा-नवरींची मुंग्यांची रांग झाली होती.

"नवीन पत्रिकांना काही अडचण नाही," सुनंदा म्हणाली. "नवं टायपिंग आठवड्यात हाताला बसेल. जुन्या मात्र गेल्या असं समजा."

मी मुनीरभाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळतो. गुलाबी गणपती गेला, जाळी गेली, सगळी ओळखदेख गेली. मी त्यांना धरायच्या तयारीत उभाही राहिलो.

"जाऊ द्या," मुनीरभाई म्हणाले. "त्यायचं झालं. लेकरं शाळेत जाऊन राहिली. त्यायले आता पत्रिकेचं काय काम?" मग जुन्याला जोडलेल्या पडद्यावर, सोबत आणलेली ती लोखंडी पट्टी टेकवून म्हणाले, "हे एक फोल्डर तेवढं पाहा बाई. हे नाई गेलं पाह्यजे."

फोल्डरचं नाव होतं 'थांबलेले'. आत एकोणीस पत्रिका. सगळ्या पूर्ण. फक्त तारखेच्या जागी रेघ.

"या कोणाच्या?" मी विचारलं.

"करायला सांगतलेल्या. मंग नाई छापल्या." ते पडद्याकडेच पाहत होते. "दोन-तीन सालं पाह्यलीच ना तुमी. कोनाचा कापूस पान्यात गेला, कोनाची सोयाबीन भरलीच नाई. मानूस येते अन् म्हनते, मुनीरभाई, जरा थांबवा. खाली मान घालून म्हनते. मी म्हनलं, थांबवाचं काय त्यात? कार्ड तयार हाये. तारीख आली का टाकू, अर्ध्या घंट्यात घेऊन जा."

तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी मी दर आठवड्याला पाहत होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यावरची काही माणसं प्रेसच्या पायरीशी थांबत. आत येत नसत. नुसतं विचारत, "मुनीरभाई, हाये ना?" आणि मुनीरभाई मान वर न करता म्हणत, "हाये." एवढ्यावर ती माणसं निघून जात. मला वाटायचं, यांची तब्येत विचारतात. मी एकदा घरी म्हणालोही होतो, की या माणसाला काय झालंय कोण जाणे, सारखे लोक चौकशीला येतात.

सुनंदानं खुर्ची पुढे ओढली. "एकोणीसच ना? दुपारची बॅच नाही घेत मी आज. भाऊजी, तुम्ही जुन्यावरून वाचा, मी नव्यावर टाइप करते. एक केली की तिच्यावरच बाकीच्या—"

"नाई," मुनीरभाई म्हणाले. "हरेक कोऱ्या पानावर करा. याचं नाव त्याच्यात नाई गेलं पाह्यजे."

मी वाचत होतो, ती टाइप करत होती, मुनीरभाई मागे उभे. मी शाळेत हजेरी घेतो त्या सुरात वाचतोय, असं सुनंदानं दोनदा सुनावलं. तिसऱ्यांदा तिनं "हजर" म्हटलं. जेवणं तिथंच झाली. तेरावी की चौदावी पत्रिका चांदूर रेल्वेकडच्या एका खेड्यातली होती. मुलीचं नाव वैशाली. मी वाचत वाचत 'आपले नम्र'पर्यंत आलो आणि तिच्या वडिलांचं नाव वाचलं, मधुकरराव.

"थांबा," मुनीरभाई म्हणाले. मग हळू आवाजात, "हे गेले. दिवाळीच्या आधी."

सुनंदाचे हात थांबले. "मग स्वर्गीय लिहायचं ना? आणि पत्रिका काकाच्या नावानं निघते अशा वेळी."

"निघते. पन मले कोनं अजून सांगतलं नाई. पोरीनं सांगतल्यावर पाहू. आता हाये तसंच राहू द्या."

सुनंदानं हाये तसंच लिहिलं. आम्ही संध्याकाळच्या बसनं परतलो. येताना मांडीवर दोन डबे होते, एक त्यांच्या आणि एक माझ्या. कंडक्टर वेगळा होता, त्यानं काही विचारलं नाही.

नव्या सिस्टीमशी मुनीरभाईंचं फारसं जमलं नाही. तिला ते "ए बाई" म्हणत. पण काम सुरू झालं. फाल्गुनात एकदा मी शाळेतून येताना प्रेसमध्ये टेकलो होतो, तेव्हा एक मुलगी आली. एकटीच. पायरीशी थांबून म्हणाली, "मी वैशाली. बाबांनी पत्रिका करायला टाकली होती. हाये का?"

"हाये," मुनीरभाई म्हणाले. "तारीख सांग."

तिनं हातातली चिठ्ठी दिली. त्यांनी फाइल उघडली, रेघ पुसली, तारीख टाकली, मुहूर्त टाकला. मग पट्टीनं पडदा तिच्याकडे वळवला. तिनं वरपासून वाचलं. खालच्या ओळीशी आली आणि थांबली.

"काका म्हणाले, बाबांच्या जागी त्यांचं नाव टाका. आईचंही तेच म्हणणं आहे," ती म्हणाली. नजर पडद्यावरच होती.

"टाकतो ना. इथं खाली टाकतो. दोघंबी मावतात."

"पण मग बाबांच्या आधी स्वर्गीय..."

"तुले लिवाचं हाये काय?"

तिनं मान हलवली. नाही.

"मंग नाई लिवत."

"लोक म्हणतील ना काही."

"म्हनू दे. कोनं विचारलं तं सांगजो, प्रेसवाल्याची चूक झाली. माह्या चुका साऱ्या जिल्ह्याले माईत हायेत."

ती जरा हसली. मुनीरभाईंनी दोनशे प्रतींचा आकडा घातला, बटण दाबलं आणि पहिला कागद आत ओढला गेला. मग त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली, तिला प्रिंटरसमोर बसवलं, आणि चहा सांगून येतो म्हणून स्वतः उठून गेले. चहाची टपरी रस्त्याच्या पलीकडेच आहे, आणि एरवी ते इथूनच ओरडून सांगतात. त्या दिवशी त्यांना परत यायला बराच वेळ लागला.