सुस्थितीतील नादुरुस्त संगणक

यंत्र चालू असणे ही त्याची तात्पुरती अवस्था असून बंद असणे हीच त्याची मूळ अवस्था होय. हे सत्य जगाला केव्हा कळेल ते कळो, नाशिकच्या एका महाविद्यालयाला ते १९८५ सालीच कळले. (महाविद्यालयाचे नाव येथे देत नाही. प्रवेशासाठी तिथे आधीच गर्दी असते.)

त्या वर्षी महाविद्यालयाने एक संगणक आणला. नारळ फुटला, पाहुण्यांनी एक कळ दाबली, फोटो निघाला आणि चौथ्या दिवशी संगणक बंद पडला. बटण दाबले की पडदा काळाच राही आणि आतून शिट्टी वाजे: एक लांब, दोन आखूड. अशा वेळी एखादी सामान्य संस्था मुंबईहून माणूस बोलावते. पण प्राचार्य दूरदृष्टीचे होते. त्यांच्यापुढे दोन मार्ग होते: संगणक दुरुस्त करणे, किंवा त्याच्यावर अभ्यासक्रम काढणे. पहिल्याला खर्च होता, दुसऱ्याला अनुदान होते. दोन महिन्यांत 'संगणक तांत्रिक साहाय्य प्रमाणपत्र' हा सहामाही अभ्यासक्रम मंजूर होऊन आला, आणि जडवस्तू नोंदवहीत प्राचार्यांनी स्वहस्ते नोंद केली: 'नादुरुस्त संगणक (शिक्षणसाहित्य), एक नग, स्थिती उत्तम.'

विभागप्रमुख म्हणून प्रा. देवराम शिरसाठ यांची नेमणूक झाली. ते मूळचे भूगोलाचे. (संगणक परदेशातून येतो, तेव्हा तो भूगोलाकडेच जाणार, याबद्दल कुणाचे दुमत नव्हते.) शिरसाठसरांनी एका रविवारात अभ्यासक्रम लिहून काढला. तांत्रिक साहाय्य म्हणजे यंत्राला साहाय्य, असा अडाणी लोकांचा समज असतो. साहाय्य माणसाला करायचे असते. यंत्र काही रडत येत नाही. म्हणून तक्रार ऐकून घेण्याला चाळीस तास होते. मान हलवण्याला तीस होते, कारण तिचे तीन प्रकार पडतात: 'कळले', 'कळले पण प्रकरण गंभीर आहे' आणि 'साहेबांना विचारावे लागेल'. 'वायर नीट बसली आहे का?' हा प्रश्न समोरच्याला राग न येता लाज वाटेल अशा आवाजात विचारण्याला दहा तास. उरलेले चार तास प्रत्यक्ष संगणकाचे. त्यांतले दोन त्याच्यावरचे कापडी आवरण काढण्यात आणि पुन्हा घालण्यात जात.

प्रात्यक्षिक परीक्षा शंभर गुणांची. विद्यार्थ्याने बटण दाबावे, शिट्टी ऐकावी आणि कागदावर लिहावे: 'एक लांब, दोन आखूड, दोष पडद्याच्या कार्डात.' चार तुकड्या, बहात्तर विद्यार्थी, निदान शंभर टक्के अचूक. असा निकाल पुण्यालाही लागत नव्हता. (दुरुस्ती शून्य टक्के. पण फॉर्मात तो रकानाच नव्हता.) प्रयोगशाळेचा शिपाई धोंडीराम याला तर ती शिट्टी तोंडाने वाजवता येऊ लागली होती. तिसऱ्या तुकडीच्या परीक्षेला वीज गेली तेव्हा अख्खी परीक्षा धोंडीरामच्या शिट्टीवर पार पडली आणि निकालात तिळमात्र फरक पडला नाही.

पाचव्या तुकडीत मालन गांगुर्डे आली.

मालन नाशिकरोडच्या एका कॉलनीत राहायची. वडील मोतीराम कारखान्यात फिटर, आई कुसाबाई घर सांभाळून शिवणकाम करायची. मुलगी अभ्यासात बरी होती, पण तिला एक खोड होती: बंद पडलेली वस्तू दिसली की तिचे हात शिवशिवायचे. कॉलनीतले निम्मे ट्रान्झिस्टर तिने उघडून बोलते केले होते. हत्यार एकच, पेन्सिलीचे खोडरबर. पितळी टोकांवर काळपटपणा चढला की वीज अडते, रबराने घासले की सुटते, हे ती चौथीत असतानाच शिकली होती. ही खोड तिने प्रवेश अर्जात लिहायला हवी होती, पण तिने ती लपवली.

परीक्षा जवळ आली तेव्हा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे पत्र तिच्या घरी आले. त्यांनी संगणक घेतला होता आणि तो सांभाळायला माणूस हवा होता. सोमवार, १ ऑगस्ट १९८८, सकाळी नऊ वाजता मूळ प्रमाणपत्रासह हजर व्हावे. प्रमाणपत्र नसल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. मोतीरामने ते पत्र कॉलनीत इतक्यांदा वाचून दाखवले की शेजाऱ्यांना स्वल्पविराम पाठ झाले. घरातले पहिलेच माणूस खुर्चीवर बसून पगार घेणार होते.

प्रात्यक्षिक त्याआधीच्या मंगळवारी होते. अठरा जणांत मालनचा नंबर तिसरा. पहिल्या दोघांनी शिट्टी ऐकली, निदान लिहिले आणि घरी गेले. तेवढ्यात बाहेरचे परीक्षक आणि शिरसाठसर चहाला गेले. (हा परीक्षेचाच भाग आहे.) मालनने बटण दाबले, शिट्टी ऐकली आणि उत्तर लिहिले. पण सोमवारी ती खऱ्या संगणकापुढे बसणार होती आणि उजळलेला पडदा तिने आयुष्यात पाहिला नव्हता. तिने बटण बंद केले, दहा पैशांच्या नाण्याने मागचे स्क्रू फिरवले आणि झाकण सरकवले.

"पोरी, हात नको लावू!" धोंडीराम ओरडला. "प्रॅक्टिकल चालू हाय!"

"एवढंच पाहते, काका."

तिने पडद्याचे कार्ड काढले, त्याची टोके खोडरबराने घासली, कार्ड दाबून बसवले आणि बटण लावले. एकच आखूड शिट्टी झाली आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटू लागली. मालनला इतका आनंद झाला की तिने धोंडीरामचा हात धरून हलवला. धोंडीराम मात्र मटकन स्टुलावर बसला.

"आरं द्येवा," तो म्हणाला. "आता बाकीच्या पंधरा पोरांनी लिव्हायचं काय?"

चहाहून परतलेल्या परीक्षकांनी पडदा पाहिला आणि परीक्षा स्थगित केली. संध्याकाळपर्यंत तीन सदस्यांची चौकशी समिती बसली. आरोप साधा होता: 'सुस्थितीतील नादुरुस्त संगणकाची नासधूस.' समितीने नोंदवही घेऊन मोजदाद केली, तेव्हा नादुरुस्त संगणक एक नग, तो जागेवर आढळला नाही. उलट एक चालू संगणक आढळला, ज्याची नोंद कोणत्याही वहीत नव्हती. म्हणजे एक वस्तू गहाळ आणि एक बेवारस. समितीने कायद्याला धरून फलकावर सूचना लावली: 'महाविद्यालयात एक चालू संगणक सापडला आहे. ओळख पटवून घेऊन जावा.' तीन दावेदार आले. त्यांतला एक वाणिज्य विभाग होता, दुसरे कुणाचे तरी मेहुणे होते, आणि तिसरा मालेगावचा एक गृहस्थ, ज्याची सायकल हरवली होती, पण सापडलेली वस्तू पाहून तो तडजोडीला तयार झाला.

घरी कुसाबाईला हे काही केल्या समजेना. "आगं, नीट केलं म्हणून कुणी नापास करतं का? मोडलं असतं तर गोष्ट येगळी."

"आई, त्यांच्या वहीत मी मोडलंच आहे," मालन म्हणाली, आणि इतका वेळ आवरलेले रडू तिला आले.

बुधवारी प्राचार्यांनी तिला बोलावले. ते रागावले नव्हते. त्यांना वाईट वाटले होते, जे फार वाईट. "बाळ, तू हुशार आहेस, पण संस्थेचा विचार केला नाहीस. शनिवारी दुपारी बारापर्यंत संगणक पूर्ववत झाला, तर परीक्षा पूर्ण करू आणि प्रमाणपत्र देऊ. नाही तर मीही काही करू शकणार नाही."

पूर्ववत करण्याचे पहिले प्रयत्न शिरसाठसरांनी केले. त्यांनी संगणकाला हलवले, दटावले, दोन दिवस अखंड चालू ठेवून थकवून पाहिले. मग त्यांना आठवले की मागच्या वेळी तो उद्‌घाटनामुळे बिघडला होता. म्हणून शुक्रवारी नवा नारळ आणून पुन्हा उद्‌घाटन करण्यात आले, भाषणासकट. संगणक त्या दिवशी नेहमीपेक्षा जलद चालला. सरांनी हात टेकले. मालनने कार्ड अर्धवट उपसून पाहिले, पण कधी शिट्टीच होईना, तर कधी पडदा उजळून मोकळा होई. दुरुस्त करायला दहा मिनिटे लागली होती. नीट बिघडवायला चार दिवस झाले तरी जमत नव्हते. हा भाग अभ्यासक्रमात का नाही, असे तिला प्रथमच वाटले.

शनिवारी पावणेबारा वाजले. पंधरा विद्यार्थी दाराशी ताटकळत होते. मालनने घाम पुसायला पिशवीतून रुमाल ओढला आणि त्यासोबत सकाळचे बसचे तिकीट खाली पडले. काळपटपणाने वीज अडते, तर कागदानेही अडेल, असे तिच्या मनात आले. मग तिने तिकिटाची घडी केली, कार्डाच्या टोकांना गुंडाळली, कार्ड जागेवर दाबले आणि बटण लावले.

एक लांब. दोन आखूड.

सर्वांचा जीव भांड्यात पडला. धोंडीरामने डोळे पुसले, शिरसाठसरांनी परीक्षकांचा हात हातात घेतला, पंधराही विद्यार्थ्यांनी एका सुरात निदान सांगितले. मालनला विशेष श्रेणी मिळाली. "दुरुस्ती कुणीही करील," प्राचार्य प्रमाणपत्रावर सही करताना म्हणाले, "पण बिघाड टिकवायला हात लागतो." वहीत लाल शाईने नोंद झाली: 'गहाळ नग सापडला.'

सोमवारी पावणेनऊलाच ती सिन्नरला हजर झाली. कारखान्याच्या कचेरीत एकोणीस माणसे आणि एक संगणक होता. हजेरी त्याच्यावर चढवली जाई आणि दर शनिवारी तो उशिरा येणाऱ्यांची यादी छापी. तोही बंद पडलेलाच होता. मालनने अर्ध्या तासात चालू केला. लोक जमले, कौतुक झाले, चहा आला. हिशेबनीस झुंबरतात्यांनी तिच्या शिक्षणाची चौकशी केली, तेव्हा तिने भाबडेपणाने सगळी हकिकत सांगितली, तिकिटासकट. लोक पोट धरधरून हसले. कोणत्या कार्डाला, किती घडीचे, हे तात्यांनी दोनदा विचारून घेतले.

त्यानंतर तो संगणक सोमवार ते गुरुवार उत्तम चाले. शुक्रवारी संध्याकाळी शिट्टी मारी, आणि शनिवारी, मालनच्या सुट्टीच्या दिवशी, बंद असल्याने यादी निघत नसे. सोमवारी मालन झाकण उघडी आणि आतून घडी घातलेले तिकीट काढी. तिचे स्वतःचे तिकीट पिवळे असे. हे कधी गुलाबी निघे, कधी हिरवे, आणि एकदा रेल्वेचे पुठ्ठ्याचेही निघाले. तिने सर्व तिकिटे एका डब्यात जपून ठेवली. वर्षभरात अठ्ठेचाळीस जमली, आणि भाडे, रंग, घडी यांवरून तिने हिशोब केला तेव्हा ती एकट्या तात्यांची नव्हती. कचेरीतल्या एकोणीस जणांपैकी अठरा जणांची होती. (एकोणिसावे साहेब. ते गाडीने येत.) तिने तक्रार लिहायला घेतली, पण तक्रार ऐकून घेणे हे तिचेच काम होते. मग तिने तिसऱ्या प्रकारची मान हलवली आणि डबा बंद केला.

पुढे ती हाताखालच्या मुलांना शिकवू लागली तेव्हा ती पहिल्याच तासाला सांगे: यंत्र क्वचितच आपण होऊन बिघडते. पण वाचकहो, ते सोडून द्या. आपल्यालाही ही गोष्ट वाचायला एवढी निवांत सवड मिळाली, ती कचेरीतले मशीन सकाळपासून बंद असल्यामुळेच, नाही का? बसा आरामात. साहाय्य येईल. तोवर फक्त, आज सकाळचे बसचे तिकीट अजून आपल्या खिशात आहे का, तेवढे जरा पाहून ठेवावे.