साहेबांच्या साखरेची नोंदवही

कोणत्याही घराला शिस्त लावायची असेल, तर त्या घरात आधी एक आजार असावा लागतो. निरोगी घरात कोण किती वाजता उठतं, काय खातं, किती पाणी पितं याची कोणी दखल घेत नाही. माणसं आपली नुसती जगत राहतात. अशाने कुटुंबसंस्था टिकायची कशी?

अधीक्षकांच्या घरात ही उणीव त्यांच्या निवृत्तीनंतर दोन वर्षं फार जाणवली. चौतीस वर्षं अभिलेख विभागात काढलेला माणूस. हजारो फायली त्यांच्या हाताखालून गेल्या आणि त्यांतली एकही वेळेआधी गेली नाही. घरी आले तर सांभाळायला काहीच नव्हतं. बायको स्वतःला सांभाळून होती. त्या एका इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका, सगळं जग त्यांना सिस्टर म्हणे, आणि अधीक्षकही सिस्टरच म्हणत. (दोघांची ओळख अपेंडिक्सच्या वॉर्डात झाली. अपेंडिक्स गेलं, संबोधन राहिलं.) मुलगी घरूनच नोकरी करी, म्हणजे कानांवर हेडफोन घालून दिवसभर घराबाहेर असे. तिघांची तब्येत ठणठणीत. अधीक्षक सकाळी वर्तमानपत्राच्या घड्या घालून तारीखवार लावत आणि उरलेला दिवस खिडकीशी बसून काढत.

त्यांच्या शेजारी बसायला घरात एकच प्राणी राजी होता, तो म्हणजे साहेब. साहेब हा बोका. चौतीस वर्षं दिवसातून शंभरदा ‘साहेब’ म्हणायची सवय जिभेने एकदम सोडली असती तर प्रकृतीला अपाय झाला असता, म्हणून निवृत्तीनंतर त्याचं जुनं नाव बदलून हे ठेवलेलं. बोकाही नावाला जागणारा होता. अकरापर्यंत झोपे, हाक मारली की येत नसे, आणि आलाच तर नेमक्या लागणाऱ्या कागदावर येऊन बसे.

नऊ वर्षांचा झाल्यावर साहेब अचानक भांडंभर पाणी पिऊ लागला, दुप्पट खाऊ लागला आणि तरी वाळू लागला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कान टोचून थेंबभर रक्त काढलं आणि सांगितलं, “मधुमेह आहे.”

अधीक्षकांचा चेहरा पडला. खुर्चीत बसताना त्यांनी साहेबाला आणलेल्या टोपलीचं झाकण घट्ट धरून ठेवलं होतं, ते सोडायचंही त्यांना सुचेना.

“घाबरू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दिवसातून दोनदा इन्सुलिन, बारा-बारा तासांनी, खाणं झाल्यावर. पिठूळ काही द्यायचं नाही. तीन-चार महिने नीट सांभाळलंत तर मांजरांचं इंजेक्शन सुटूही शकतं. मात्र एक लक्षात ठेवा. एखादी वेळ चुकली तर चालेल, पण एकाच वेळचं दोनदा दिलं तर जिवाशी गाठ आहे. शंका आली की द्यायचं नाही. बस्स, एवढंच.”

“एवढंच कसं?” अधीक्षक म्हणाले. दोन वर्षांत प्रथमच त्यांच्या डोळ्यांत तेज आलं होतं.

त्याच आठवड्यात घरात पुढील व्यवस्था अमलात आली. एक, ‘साहेब-शर्करा नियंत्रण समिती’: अध्यक्ष अधीक्षक, सदस्य सिस्टर, निमंत्रित मुलगी. (अध्यक्षांना सुई पाहून घेरी येत असे, त्यामुळे प्रत्यक्ष टोचण्याचं किरकोळ काम सदस्याकडे सोपवण्यात आलं. चाळीस हजार इंजेक्शनांचा अनुभव ही त्या कामासाठी पुरेशी पात्रता मानली गेली.) दोन, बावीस कलमांची नियमावली. तीन, आहारविषयक परिपत्रक. आणि चार, नोंदवही. कापडी बांधणीची, दोनशे पानी, सात रकान्यांची: दिनांक, वेळ, खाल्लेला ऐवज, मात्रा, टोचल्याची बाजू (डावी/उजवी), साहेबांची प्रतिक्रिया, सही.

सिस्टरांनी वही उलटसुलट करून पाहिली. “अहो, मी वॉर्डात चाळीस पेशंट सांभाळले ते एका पाटीवर.”

“आणि त्यांतले आज किती हयात आहेत?” अधीक्षकांनी विचारलं. आकडेवारी उपलब्ध नसल्याने हा मुद्दा अध्यक्षांच्या बाजूने निकाली निघाला.

परिपत्रकाची प्रत समोरच्या काकूंना पोच घेऊन देण्यात आली. चौकशीअंती असं आढळलं होतं, की साहेब रोज सकाळी घरी उपाशीपोटी असल्यासारखं ओरडून खाई, मग काकूंकडे दुधात भिजवलेली बिस्किटं घेई आणि परत येऊन पुन्हा ओरडे.

“अहो, पण तो माझ्याकडे बघतो ना!” काकू कळवळून म्हणाल्या.

“बघू द्या. बघण्यात साखर नसते.”

“आणि मी नुसतं दूध दिलं तर?”

“कलम अकरा वाचा.”

काकूंनी कलम अकरा वाचलं, डोळ्यांना पदर लावला आणि सही केली. साहेब दाराशी बसून दोघांकडे बघत होता.

पहिल्या महिन्याचा अहवाल समाधानकारक होता. दिलेली इंजेक्शनं साठ. पैकी अठ्ठावन्न साहेबांना, एक सोफ्याच्या उशीला आणि एक मुलीच्या अंगठ्याला, तिला शिकवताना. (मुलीची साखर मोजली, उत्तम निघाली. नोंद आहे.) साहेबांची प्रतिक्रिया: उदासीन त्रेपन्न वेळा, नाराज पाच वेळा. वजन तीनशे ग्रॅमने वाढलं, पाणी निम्म्यावर आलं. कोंबडीचे उकडलेले तुकडे खाऊन साहेबांच्या अंगावर पुन्हा चकाकी आली. सिस्टर दोन बोटांत मानेमागची सैल कातडी उचलत, सुई आत-बाहेर करत आणि चहाचं आधण ठेवायला जात. सगळा मामला चार सेकंदांचा. त्याची नोंद करायला मात्र चार मिनिटं लागत, कारण अधीक्षक वहीचं कुलूप काढत. वहीत खाडाखोड होऊ नये म्हणून ती कपाटात असे आणि कपाटाची किल्ली त्यांच्या पायजम्याच्या नाडीला.

इथे नियमावलीतली दोन कलमं जशीच्या तशी दिली पाहिजेत. कलम सहा: ‘जे नोंदलेले नाही ते झालेले नाही. तोंडी सूचना ग्राह्य धरली जाणार नाही.’ कलम चौदा: ‘शंका आल्यास मात्रा देऊ नये.’ दोन्ही कलमं निर्दोष आहेत. पुढे जे झालं त्यात कलमांचा काहीही दोष नाही.

दुसऱ्या महिन्यातल्या एका सकाळी सिस्टरांना दाढ काढायला जायचं होतं. दंतवैद्याने साडेसातची वेळ दिलेली. सातला त्यांनी साहेबाला खायला घातलं, इंजेक्शन दिलं आणि सहीसाठी वळल्या, तर वही कपाटात, किल्ली नाडीला आणि नाडी नहाणीघरात. त्यांनी दारावर थाप मारली.

“अहो, साहेबांचं झालंय हो! मी निघते!”

“बरं!” आतून आवाज आला.

अधीक्षक आंघोळ करून आले, कुलूप काढलं, वही उघडली. रकाना कोरा.

आता हे खरं, की त्यांनी ‘झालंय’ ऐकलं होतं. नळ चालू असूनही स्पष्ट ऐकलं होतं. पण चौतीस वर्षांत त्यांनी हा शब्द किती वेळा ऐकला होता! ‘झालंय’ म्हणून सांगितलेलं काम सहा-सहा महिने टेबलावर पडून असलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. (पुष्कळदा ते टेबल त्यांचंच असे.) शब्द एकीकडे, कोरा रकाना एकीकडे. मुलीला विचारावं तर दाराआडून तिचा आवाज येत होता, “हो सर, दिसतेय का माझी स्क्रीन?” सिस्टरांना फोन लावला, तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाजला.

साडेसात वाजत आले. शंका येण्याचा प्रश्नच नव्हता, रकाना कोरा होता. उलट साहेबांची मात्रा चुकणार या विचाराने त्यांचा जीव कासावीस झाला. घरात टोचणारं कोणी नाही. अधीक्षकांनी फ्रिजमधून कुपी काढली, तळहातांवर हलकेच फिरवली, सिरिंज भरली. त्यांनी साहेबापुढे बशी ठेवली. साहेबाने वास घेतला आणि तोंड फिरवलं. (प्रतिक्रिया: अरुची. कारण: अज्ञात.) मग त्यांनी एक डोळा मिटून, आयुष्यात पहिल्यांदा, कोणाच्याही आदेशाशिवाय, मानेमागे सुई टोचली. जमलं! घेरीही आली नाही. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, मोत्यासारख्या अक्षरात सातही रकाने भरले, आणि सिस्टरांना दाखवायचं म्हणून वही उघडी ठेवली.

तासाभराने साहेब खिडकीशी यायला निघाला आणि मधेच थांबला. मागचे पाय दारू प्यायल्यासारखे लडबडले. मग तो फरशीवर आडवा झाला. डोळे टक्क उघडे, आणि त्या डोळ्यांना कोणी दिसत नव्हतं.

“साहेब?” अधीक्षक म्हणाले. “ओ साहेब?” ते नियमावली घेऊन गुडघ्यांवर बसले आणि पानं उलटू लागले. बावीस कलमं होती. साहेब पडल्यास काय करावं, याचं एकही नव्हतं.

तेवढ्यात सिस्टर आल्या, गालात कापूस धरून. त्यांनी एकदा बोक्याकडे पाहिलं, एकदा उघड्या वहीकडे. पिशवी तिथेच टाकून त्यांनी मधाची बाटली काढली आणि बोटाने साहेबाच्या हिरड्यांना मध चोळायला सुरुवात केली.

“मी सांगितलं होतं ना?” कापसातून शब्द नीट फुटत नव्हते.

“हो.”

“ऐकू नव्हतं आलं?”

“आलं होतं.”

“मग?”

“नोंद नव्हती,” अधीक्षक म्हणाले.

सिस्टरांचं बोट हिरड्यांवर चालूच होतं.

मुलीने हेडफोन फेकून गाडी काढली. डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजची सलाइन लावली आणि नोंदीचा कागद पुढे ओढला. “सकाळचं इंजेक्शन कोणी दिलं?”

“मी,” सिस्टर म्हणाल्या.

“मी,” अधीक्षक म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “तुमचं आपसात बोलणं नाही का?”

“बोलणं आहे,” सिस्टर म्हणाल्या. “ऐकणंही आहे. फक्त ते कामकाजात धरत नाहीत.”

बाहेरच्या बाकावर एक कासव, दोन कुत्री आणि त्यांची माणसं बसली होती. त्यांच्यात अधीक्षक दुपारपर्यंत रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसून होते. कोणी काही विचारलं की ते टोपलीचं झाकण उघडून आत बघत. दोन वाजता आतून ओरडणं ऐकू आलं, उपाशीपोटी असल्यासारखं. तेव्हा त्यांना रडू फुटलं. कुत्र्यांनी समजूतदारपणे मान फिरवली.

असा प्रसंग इतर घरांत भांडणावर गेला असता. या घरात रीतसर चौकशी झाली. अधीक्षकांनी स्वतःविरुद्ध समिती नेमली, स्वतःला कडक प्रश्न विचारले आणि नऊ पानी अहवाल सादर केला. निष्कर्ष: नहाणीघर व कपाट यांच्यात समन्वयाचा अभाव. शिफारस: किल्लीची दुसरी प्रत, आणि नहाणीघराच्या दाराशी पूरक नोंदवही.

सिस्टरांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला आणि शिफारशी तंतोतंत मान्य केल्या. त्या दिवसापासून त्या तोंडी काही सांगेनाशा झाल्या. आल्या, गेल्या, दिलं, घेतलं, सगळं वहीत. घरात अपूर्व शांतता नांदू लागली. डबल डोस पुन्हा कधी झाला नाही. पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी साहेबाचा कान शेवटचा टोचला आणि इंजेक्शन बंद केलं. साखर कायमची ताब्यात आली होती. ही बातमी सिस्टरांनी वहीत लिहिली. अधीक्षकांना ती तीन तासांनी कळली.

इंजेक्शन सुटलं, वही सुटली नाही. एका सकाळी अधीक्षकांनी खिडकीशी बसून स्वयंपाकघराकडे पाहत हाक मारली, “सिस्टर, चहा झाला का?” उत्तर आलं नाही. ते उठून गेले. ओट्यावर चहाचा कप झाकून ठेवलेला होता आणि शेजारी वही उघडी होती: ‘चहा. ७.१०. साखर अर्धा चमचा. सही.’ अधीक्षकांनी अक्षर न्याहाळलं. सुवाच्य होतं. आक्षेप घ्यायला जागाच नव्हती. ते तिथेच उभे राहून गार चहा प्यायले आणि ‘प्रतिक्रिया’ या रकान्यासमोर बराच वेळ पेन धरून थांबले.

असे विक्षिप्त लोक आता फार उरलेले नाहीत, हे वाचकांचं भाग्य. आपल्या घरांत एवढा अविश्वास नसतो. आपल्याकडेही आतल्या खोलीत सकाळची गोळी घेणारं कोणी ना कोणी असतं, आई असते, सासूबाई असतात, आणि आपण आपलं सरळ दारातून डोकावून विचारतो, “गोळी घेतली का?” त्याही सरळ सांगतात, “घेतली रे बाबा.”

विचारलंत ना आज? घेतली म्हणाल्या ना? छान. मग आता ती गोळ्यांची पट्टी उलटी करून मोजताय कशाला?