नानांच्या ग्रहाचं बारसं

"बंद करा त्यो बल्ब! आभाळ खराब हुतंय!"

दिवेलागण झाली की घराच्या धाब्यावर उभं राहून असं ओरडणारे ते आमचे नाना. आवाज असा, की आमच्या गावात दिवे विझायचेच, पण तिकडे तासगावातही दोन-चार दुकानदारांचे हात आपसूक बटणाकडे जायचे.

नाना तोफखान्यातून हवालदार होऊन पेन्शनीवर आले. तोफ सरकारजमा झाली, कोन मात्र त्यांनी घरी आणले. जेवायला बसले की थोरल्या बहिणीला म्हणत, "आक्का, पाच अंश डावीकडची भाकरी दे." मुलं नोकरीला लांब, बायको वारलेली; घरात ही भावंडं दोघंच.

सांगलीच्या भंगारवाल्याकडून त्यांनी पाण्याचा जाडजूड पाईप आणला आणि काचेवर काच घासून दुर्बिणीचा आरसा केला. दीड वर्ष ते घासत होते. आक्का म्हणाल्या, "एवढ्यात म्या किष्णामाईचा घाट झिजवला असता."

नाना रोज संध्याकाळी ताऱ्यांचे ठिपके कागदावर मांडत. एकदा त्यांतला एक ठिपका चालू लागला. बाकीचे परेडला उभे, हा एकटा रोज थोडा पुढे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह, नवाकोरा, असं नानांनी जाहीर केलं. मी शाळामास्तर, म्हणून वेधशाळेला इंग्रजी पत्र मी लिहिलं. ज्याला ग्रह सापडतो त्याला नाव सुचवता येतं, हेही मीच सांगून बसलो आणि गाव पेटलं. सरपंचांना वडिलांचं नाव हवं होतं. त्यासाठी ते जन्मभर कंदिलावर राहायला तयार झाले.

नाना म्हणाले, "नाव आत्या ठेवती. आक्का ठेवंल."

उत्तराची वाट कोण बघतो? पत्र पेटीत पडल्यापासून बाराव्या दिवशी बारसं. दुर्बीण पाळण्यात मावेना, म्हणून पाळण्याची दोरी दुर्बिणीला बांधली. घुगऱ्या इतक्या शिजल्या, की पुढं तीन दिवस गावच्या म्हशी त्यावरच दूध देत होत्या.

आक्का मात्र मागच्या चुलीपाशीच बसून होत्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून त्यांना कुणी पाळण्याजवळ बोलावलं नव्हतं. नानांच्या दोन्ही मुलांची नावंसुद्धा चुलत आत्यानं ठेवली होती; आक्का आत घुगऱ्या ढवळत होत्या आणि नाना गप्प राहिले होते. आताही बायका कुजबुजू लागल्या.

नाना चुलीपाशी गेले. त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"आक्का, चल. तुजं काम हाय."

आक्कांनी हात पुसले, परत पुसले. मग येऊन त्या पाईपाच्या तोंडाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "कुर्रर्र." आख्खा पाईप घुमला. नाव ठेवलं, हौसा. इतकी वर्षं ते त्यांनी कुठं जपून ठेवलं होतं, देव जाणे.

दोन महिन्यांनी वेधशाळेचं उत्तर आलं. ठिपके सुरेख मांडलेत, आभार. पण हा लघुग्रह परदेशातल्या कुणाला फार पूर्वीच सापडला आहे, त्याला क्रमांक आहे आणि नावही आहे.

पत्र घेऊन मी उसात गेलो. नाना पाण्याची दारं धरत होते. मी वाचून दाखवलं, दोनदा अडखळलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खोऱ्यानं पाणी पुढच्या सरीला वळवलं.

मी विचारलं, "नाना, आता आक्कांना काय सांगायचं?"

"काय सांगायचं? बारसं झालंय की, मास्तर."