नियोजित बर्फावरील हक्क

गुरुवारी रात्रीपर्यंत दहा इंच बर्फ पडेल, असा अंदाज मंगळवारी सकाळी जाहीर झाला आणि बॉस्टनमधल्या आमच्या चढाच्या गल्लीत, लख्ख उन्हात, शेजारच्या मल्काहीबाईंनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून रस्त्याच्या कडेला ठेवली.

खुर्चीचा कायदा कुठल्याच पुस्तकात नाही, त्यामुळे तो आमच्याकडे सगळे पाळतात. बर्फ उपसून ज्याने गाडीपुरती जागा मोकळी केली, त्याने बाहेर जाताना तिथे खुर्ची ठेवावी. परत येईपर्यंत ती जागा त्याची. परक्याने खुर्चीला हात लावला, तर त्याच्या टायरांची जबाबदारी गल्ली घेत नाही.

"पण बाई, बर्फ कुठंय?" मी विचारले.

"पडणार आहे ना?"

"नुसता अंदाज आहे."

"मग मीही अंदाजे उपसलाय."

मुद्दा बिनतोड होता. मी घरी जाऊन माझी खुर्ची आणली. समोरच्या डॉनी टावारेसने खुर्चीऐवजी मरियम मातेचा कमरेएवढा, पोकळ प्लास्टरचा पुतळा आणून उभा केला. मातेला हलवायची कुणाची छाती आहे, असा त्याचा हिशेब होता.

दुपारी पारा एवढा चढला की लोक अर्ध्या बाह्यांत फिरू लागले आणि अंदाज चार इंचांवर आला. खुर्ची मात्र एकही हलली नाही. संध्याकाळी पारा कोसळला, अंदाज वीस इंचांवर गेला आणि संभाव्य पाहुण्यांसाठी जादा खुर्च्या आल्या. बुधवारी लोक गाड्या टेकडीखाली लावून, आपली राखीव जागा शाबूत आहे का ते बघायला पायी वर येऊ लागले. कारण गाडी लावायची तर आधी खुर्ची उचलावी लागते, आणि तेवढ्यात कोण टपून बसलेला असेल, सांगता येत नाही.

गुरुवारी सकाळी तेलाचा टँकर आला. आर्मांडकाका गॅनियन ऐंशीच्या पुढचे, एकटे. घर तापवायच्या तेलाची त्यांची टाकी कोरडी पडली होती आणि संध्याकाळी वादळ यायचे होते. नळी पोचायला टँकर त्यांच्या दारासमोरच लागायला हवा होता, आणि दारासमोर बाईंची खुर्ची, डॉनीची माता आणि माझी खुर्ची होती. काकांकडे गाडी नाही, म्हणून खुर्ची नाही, म्हणून स्वतःच्या दारासमोरच्या जागेशी त्यांचा संबंध नाही.

"उचला की राव तेवढं!" टँकरवाला गस ओरडला.

"तूच उचल," डॉनी म्हणाला.

"मी? माझ्या गाडीला दहा टायर आहेत, दादा!"

फुटपाथवर तातडीची बैठक झाली. बाईंनी उचलली तर मी उचलणार होतो, मी उचलली तर डॉनी, आणि डॉनीने उचलली तर बाई. काकांविषयी तिघांनाही अपार कळवळा होता. ते दारात दोन कोट घालून कुडकुडत उभे होते, ते बघवत नव्हते. अखेर त्यांना सूप पाठवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

"चारला शेवटची फेरी आहे. जागा झाली तर हात करा," म्हणून गस निघून गेला.

काकांनी सूप संपवले, भांडे विसळून परत केले आणि आतून कुऱ्हाड आणली.

पहिली फुटली बाईंची खुर्ची. मी खिडकीत होतो. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. बाईंची जागा माझ्यापेक्षा चांगली होती. डॉनी तर खिडकी उघडून ओरडला, "काका, जुनं ओकचं लाकूड आहे, मस्त पेटेल!"

मग काकांनी मातेला कडेवर घेतले. "चल माये, तू कशाला गारठतेस?" म्हणत ते तिला आत शेकोटीपाशी घेऊन गेले. आता बाई टाळ्या पिटू लागल्या. "बरं झालं रे डॉनी! नाझरेथची बाई ती, तिला कुठली इथली थंडी सोसायला!" मीही टाळ्या पिटल्या.

काका माझ्या खुर्चीकडे वळले, तेव्हा मात्र मला कायदा आठवला. मी धावत खाली गेलो.

"काका, उद्या सगळेच असं करायला लागले तर?"

"तर रस्ता मोकळा होईल. सरक, पाय तुटेल."

"खुर्चीचा?"

"तो तुटणारच आहे. तुझा म्हणतोय मी."

मी सरकलो. चारला गस आला, टाकी भरली, काकांच्या घरात ऊब आली. संध्याकाळी पारा पुन्हा चढला, वादळ समुद्राकडे वळले आणि वीस इंच बर्फाऐवजी भुरभुर पाऊस पडला. शुक्रवारी सकाळी काकांच्या दारासमोर तीन नव्या खुर्च्या होत्या. लोखंडी.

हसताय? हसा. पण खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या एसटीच्या सीटवर बसल्यावर, शेजारी एखादा म्हातारा दांडीला लोंबकळत असताना, तुम्ही बाहेरची झाडं किती मन लावून बघता, ते मला माहीत आहे.