तक्रार-खिडकीतील पापण्या

मनुष्याचा आत्मा देहात नेमका कोठे वास करतो, याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु त्याची बढती पापण्यांत वास करते, याविषयी कोणत्याही कार्यालयात दुमत नाही.

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार-खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाच्या पापण्या जन्मतःच सैल होत्या, आणि नोकरीत त्या अधिक सैल पडल्या. दुकानदाराने शटर अर्धे ओढून आत वामकुक्षी करावी, तसे ते नेत्र दिसत. या रचनेचा लाभ असा, की तो केव्हा जागा आहे आणि केव्हा नाही, हे तक्रारदारास कळत नसे (लिपिकासही क्वचितच कळे). पुढे मुख्य लिपिकाची जागा रिकामी झाली. ज्येष्ठतेने ती त्याचीच होती. नेमके त्याच सुमारास नवे साहेब खिडकीवरून जाता जाता म्हणाले, "झोपा काढताय होय?" दुर्दैव असे, की त्या क्षणी तो जागा होता. झोपेत पकडले जाणे मनुष्य सोसतो; जागेपणी पकडले जाणे जिव्हारी लागते.

मेव्हण्याने शस्त्रक्रियेचा मार्ग सुचवला. पत्नीचा विरोध होता. "तुमचे डोळे अर्धे मिटलेले असतात, म्हणून तर मला घरात मोकळं वावरता येतं," असे तिचे म्हणणे. परंतु बढतीपुढे गृहसौख्य गौण होय.

शल्यविशारदांनी त्याच्या पापण्यांवर शाईने रेघा आखल्या, आणि नुसती पापणी उचलून भागणार नाही, भुवईही वर घ्यावी लागेल, असे सांगितले. पडदा आखूड केला आणि दांडी लोंबतीच ठेवली, तर उजेड कोठून यायचा? हा दृष्टान्त त्याला तत्काळ पटला. तदनंतर पुढे काय अपेक्षित आहे, तेही त्यांनी विशद केले. डोळे सुजतील, काळेनिळे होतील. बर्फाने शेकावे. दोन उशा घेऊन उताणे निजावे. खाली वाकू नये (वरिष्ठांपुढेही नाही). काही काळ पापण्या पुरत्या मिटणार नाहीत, डोळ्यांतून पाणी येईल, औषधाचे थेंब घालावेत. चेहऱ्यावर नवल वाटल्यासारखा भाव राहील, तो यथावकाश उतरेल.

सर्व बरहुकूम घडले. काळेनिळे डोळे पाहून शेजारणींनी निराळाच निष्कर्ष काढला आणि त्या पत्नीकडे आदराने पाहू लागल्या. (तिने तो गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही.)

सूज उतरल्यावर तो खिडकीवर रुजू झाला. रांगेत पहिलीच एक म्हातारी होती, हातात गढूळ पाण्याची बाटली. तशी बाटली घेऊन ती वर्षानुवर्षे येत असे. नेहमीप्रमाणे तिने तोंड उघडले आणि ती थबकली. खिडकीत दोन डोळे सताड उघडे, भुवया पार कपाळात, आणि गालावरून पाणी ओघळते आहे.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुलासुद्धा नवल वाटलं ना रे?"

वस्तुतः थेंबांची कुपी घरी राहिली, या विवंचनेत तो होता. परंतु डोळे मिटत नसल्याने ऐकणे भाग पडले. आणि ऐकता ऐकता, नोकरीत प्रथमच, त्याला खरोखर नवल वाटू लागले. हे पाणी माणसे पितात? त्याने टाकी उघडून पाहण्यास माणूस धाडला. टाकीत मेलेले कबूतर निघाले.

वार्ता गल्लोगल्ली गेली आणि रांग फाटकाबाहेर पोहोचली. ज्यांच्या नळाला उत्तम पाणी होते, तेही आले. एक निवृत्त मास्तर सून बोलत नाही एवढेच सांगून, समाधानाने परतले. खात्यापुढे मात्र पेच उभा राहिला. गेल्या वर्षी नोंदलेल्या तक्रारी नगण्य होत्या, अर्थात जनता सुखी होती. तीच जनता एका शस्त्रक्रियेने दुःखी झाली.

साहेबांनी त्याला आत बोलावले. "तुमचं तोंड बघून लोकांना वाटतं, काहीतरी भयंकर घडलंय."

"घडलंय साहेब. टाकीत कबूतर होतं."

"अहो, कबूतर असतंच. त्यात नवल कसलं?"

चेहरा पूर्वपदावर येईतो बढती स्थगित झाली. लिपिकाने शल्यविशारदांचे पाय धरले. ते म्हणाले, कातडी आपसूक उतरेल, बाकीचे सवयीने उतरवावे. तो सवयीस लागला. रोज आरशापुढे बसून एकेक तक्रार मोठ्याने वाची, आणि भुवई हलली की पुन्हा पहिल्यापासून वाची. कबुतराच्या तक्रारीने फार छळले. अखेर तीही जमली. त्या दिवशी पत्नी भाजी निवडता निवडता एवढेच म्हणाली, "चार दिवस तुम्ही माझ्याकडे बघत होतात हो."

बढतीचा हुकूम निघाला. खिडकीवरच्या शेवटच्या दिवशी म्हातारी पुन्हा आली, हातात गढूळ पाण्याची बाटली. तिने त्याला बराच वेळ न्याहाळले.

"दादा, इथं एक डोळ्यांत पाणी येणारे बाबा बसायचे. त्यांची बदली झाली का?"

"झाली," तो म्हणाला, आणि बाटली नियमानुसार डाव्या हाताला साचलेल्या जुन्या बाटल्यांत ठेवून दिली.

सुज्ञ वाचकाने वरील मजकूर वाचताना, विशेषतः कबुतराच्या ठिकाणी, आपल्या भुवया हलल्या होत्या काय, हे प्रामाणिकपणे आठवून पाहावे. हलल्या नसल्यास चिंतेचे कारण नाही. आपली प्रकृती उत्तम असून आपण बढतीस पात्र आहात.